भिंतीवरचा तेलाचा डाग

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या पावसाची मुंबईतल्या प्रत्येक घराची आपापली आठवण आहे. माझी आठवण जोगेश्वरीतल्या तळमजल्यावरच्या एका खोलीची आहे. दहा बाय चौदाची खोली, एक ड्रॉइंग बोर्ड, दोन लोखंडी कपाटं आणि त्या कपाटांत १९७८पासून मी काढलेले सेटचे नकाशे. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. आतले कागद फुगून कपाटाचं दार अडकलं होतं, ते पहारीनं काढावं लागलं. अमोनिया प्रिंटवरच्या जांभळ्या रेषा धुऊन गेल्या होत्या. ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्यांचा लगदा झाला होता. एखादी सोडवायला गेलं की तिचा थर बोटांनाच चिकटून यायचा.

दोन सहायकांनी आणि मी तो सगळा ऐवज घमेल्यांनी बाहेर काढला. घरी माळ्यावर पत्र्याच्या एका ट्रंकेत एकाच चित्रपटाचे कागद ठेवलेले होते, तेवढे वाचले. एकतीस पानं.

सेट मोडताना मला कधी वाईट वाटलं नाही, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. पण आमच्या धंद्यात तसंच आहे. शेवटचं पॅकअप झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सेटिंगवाले हजर होतात. खिळे उपटले जातात, फळ्या, बांबू, बल्ल्या मोजून गोडाऊनला परत जातात, पीओपीचे तुकडे ट्रकमध्ये भरले जातात. चाळीस दिवसांत उभं केलेलं घर दीड दिवसात नाहीसं होतं. फ्लोअर पुढच्या युनिटला द्यायचा असतो, भाडं दिवसावर चढत असतं. सेट मोडण्यासाठीच बांधलेला असतो, आणि हे ज्याला मनापासून पटत नाही त्यानं या कामात येऊ नये, असं मी माझ्या सहायकांना पहिल्याच दिवशी सांगत आलो.

कागदाची गोष्ट वेगळी. त्या दिवशी मी ओल्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिलो. आपल्याकडे सिनेमाला शंभर वर्षं होऊन गेली. इतकी घरं, राजवाडे, गल्ल्या, देवळं, झोपड्या या मातीतल्या माणसांनी उभ्या केल्या आणि मोडल्या. त्यांचे कागद गेले कुठे? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. काम कमी केल्यापासून जमेल तसा मी त्याच्यामागे फिरतो आहे. कोल्हापूर, पुणे, कर्जत, गोरेगाव. हा लेख त्या फिरण्याचा. मी केलेल्या चित्रपटांची नावं यात घेतलेली नाहीत, कारण लेख त्यांच्यासाठी लिहिलेला नाही.

* * *

आधी त्या एकतीस पानांबद्दल. १९८५ साली एका ग्रामीण चित्रपटासाठी गोरेगावच्या चित्रनगरीत एक वाडा उभा करायचा होता. दिग्दर्शकाला खरा वाडा नको होता. खऱ्या वाड्यात कॅमेरा मागे घ्यायला जागा नसते, दिवे लावायला उंची नसते. म्हणून वाडा फ्लोअरवर बांधायचा, पण अस्सल दिसला पाहिजे. मी आणि एक सहायक एसटीनं निघालो. वाई, मेणवली, भोर या पट्ट्यातले नऊ वाडे टेपनं मोजले. उंबऱ्याची उंची, कडीपाटातल्या दोन कड्यांमधलं अंतर, कोनाड्याची खोली, ओसरीची पायरी घासून किती खाली गेली आहे, जिन्याच्या कठड्यावर हात कुठे पडतो. वही भरली. परत येऊन महिनाभर नकाशे काढले. दर भिंतीचा स्वतंत्र उभा नकाशा, त्यावर रंगाची नोंद, लाकडाची नोंद, कोणती भिंत सुटी ठेवायची म्हणजे कॅमेऱ्यासाठी ती काढता येईल, याची खूण.

सेट तयार झाला. सगळ्यांनी वाहवा केली. मीही खूश होतो. पहिल्या दिवशी गर्दीच्या प्रसंगासाठी ज्युनिअर आर्टिस्ट आले होते, त्यांत एक मावशी होत्या. मूळच्या कोरेगावकडच्या. नवरा गिरणीत होता आणि १९८२च्या संपानं घर उघड्यावर पडल्यावर त्या हे काम करू लागल्या होत्या. दोन शॉटच्या मध्ये त्या सोप्यावर बसून भिंती न्याहाळत होत्या. मी जवळून जाताना म्हणाल्या, "भाऊ, या घरात म्हातारं माणूस न्हाई का?"

मी म्हटलं, "आहे की मावशी. आजोबांचं मोठं काम आहे."

"मग भिंतीला कुणी टेकल्यालं दिसत न्हाई ते?"

मग त्यांनी समजावलं. त्यांचे सासरे रोज संध्याकाळी सोप्यावर एकाच जागी भिंतीला टेकून बसायचे. डोक्याला खोबरेल. भिंतीवर तिथे काळपट गोल डाग. सासूबाई दर दिवाळीला चुना मारायच्या आणि शिमग्यापर्यंत डाग पुन्हा वर यायचा. सासरे गेल्यानंतरही दोन-तीन वर्षं तो चुन्यातून वर येत राहिला.

नऊ वाडे मोजून आलेल्या माझ्या वहीत हा डाग नव्हता. मी तो पाहिला असणार. घाण म्हणून सोडून दिला असणार. त्या रात्री पेंटरला थांबवून घेतलं. खोबरेल, थोडी काजळी, चिमूटभर पिवडी, आणि कापडाचा बोळा. चार वेळा पुसून पाचव्यांदा जमलं. दुसऱ्या दिवशी आजोबांचं काम करणारे नट सेटवर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी काही न सांगता नेमके त्या डागाला डोकं टेकून बसले. पडद्यावर तो डाग चार-पाच सेकंद दिसतो. पण त्या भूमिकेची बैठक त्या जागेवरून ठरली, असं त्या नटांनी पुढे मला स्वतः सांगितलं.

तेव्हापासून कामाची माझी पद्धत बदलली. पटकथा हातात आली की काळ कोणता, प्रदेश कोणता, हे मी दुसऱ्या फेरीत विचारतो. आधी विचारतो की गोष्ट सुरू होण्याआधी या घरात कोण कोण राहून गेलं. भिंतीला पहिला रंग निळा होता, मग सुनेच्या आवडीनं पोपटी झाला, मग पैसे नव्हते म्हणून नुसता चुना. हे तिन्ही थर खरोखर चढवायचे आणि जिथे खुर्चीची पाठ घासते तिथे खरवडून खालचे दोन दिसू द्यायचे. नवा प्लाय ब्लो टॉर्चनं जाळून तारेच्या ब्रशनं घासला की मऊ भाग निघून जातो, शिरा वर येतात आणि तीस वर्षांची फळी तयार होते. पडदे, चादरी चहाच्या पाण्यात उकळायच्या. स्विचबोर्डाभोवती बोटांचे ठसे उमटवायचे, पण फक्त रोज लागणाऱ्या बटणाभोवती. हे सगळं कुठल्याही हुशार सहायकाला शिकवता येतं. कुठे आणि का, एवढंच शिकवायला वेळ लागतो.

* * *

हे काम आपल्या प्रांतात आलं ते नाटकाच्या पडद्यावरून. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मिस्त्री चुलतभाऊ, पुढे पेंटर म्हणूनच ओळखले गेले. नाटक कंपन्यांचे पडदे त्यांनी रंगवले. राजवाडा, रस्ता, जंगल असे ते पडदे. प्रेक्षागृहात दिव्यांच्या उजेडात ते खोल वाटत, पण कॅमेऱ्याला ते फसवू शकत नव्हते. कॅमेऱ्याला सपाट ते सपाटच दिसतं, आणि वारा आला की अख्खा राजवाडा हलतो. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि रंगवलेल्या पडद्याच्या जागी घन, खोली असलेला, माणूस ज्यात वावरू शकेल असा सेट आणला. मूळचा चित्रकार आणि शिल्पकार असलेल्या माणसालाच हे सुचावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिल्पकाराला वस्तूची मागची बाजू ठाऊक असते.

'सैरंध्री' १९२०चा, तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. 'सिंहगड' १९२३चा, त्यात रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. 'सावकारी पाश' १९२५चा; त्यात देवदेवता आणि राजेरजवाडे सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं घर पडद्यावर आलं. चित्रण सुरू होण्याआधी बाबूराव पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटनं करत. आज ज्याला आपण मोठ्या अप्रूपानं स्टोरीबोर्ड म्हणतो तेच हे काम, कोल्हापुरात, त्या काळी. या तिन्हींपैकी एकही चित्रपट आज पूर्ण पाहायला मिळत नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. मी तिथे गेलो, नमस्कार केला. शेतकऱ्याच्या त्या घराची भिंत बाबूरावांनी कशी केली असेल, तिच्यावर कुणी टेकल्याची खूण असेल का, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

बाबूरावांच्या तालमीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. फत्तेलाल, म्हणजे सगळ्यांचे साहेबमामा, प्रभातचा कलाविभाग सांभाळत. 'अमृतमंथन'मधलं ते भयचकित करणारं देवस्थान पाहा आणि लगेच 'संत तुकाराम'मधलं तुकोबांचं घर पाहा. एकाच हातानं दोन्ही केलं, यावर विश्वास बसत नाही. 'संत तुकाराम' १९३६चा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोक विष्णुपंत पागनिसांच्या डोळ्यांबद्दल बोलतात, गौरीबाईंच्या जिजाईबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. माझ्यासारखा माणूस त्या घराच्या जमिनीकडे बघत बसतो. ती जमीन रोज सारवलेली वाटते. घर गरीब आहे आणि नीटनेटकं आहे. गरिबी दाखवायची म्हणजे पसारा करायचा, ही पुढे आमच्यात आलेली वाईट सवय फत्तेलालांना नव्हती. चित्रपटाच्या शेवटी वैकुंठाचं विमान उतरतं तेव्हा ते आपल्याला खरं वाटतं, कारण तोवर दीड-दोन तास आपण खऱ्या घरात बसलेलो असतो.

प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रभातचे फ्लोअर अजून वापरात आहेत आणि आवारात प्रभातचं संग्रहालय आहे. तिथे मूळ आराखडे, पोशाख, वस्तू जपलेल्या आहेत. मी त्या आराखड्यांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या शोधाचं निम्मं उत्तर मिळालं. हे कागद का वाचले? प्रभात ही एका छपराखाली नांदणारी कंपनी होती म्हणून. चित्रकार, सुतार, मोल्डर, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर. नकाशा कंपनीचा, म्हणून तो कंपनीच्या कपाटात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था मोडत गेली. फ्लोअर भाड्याचा झाला, सुतारकाम कंत्राटावर गेलं, कलादिग्दर्शक चित्रपटागणिक ठरू लागला. आम्हाला त्यातून स्वातंत्र्य मिळालं, नाव मिळालं, आधीपेक्षा बरे पैसेही मिळाले. पण नकाशाला मालक उरला नाही. निर्मात्याचं ऑफिस चित्रपट लागला की बंद होतं, तिथला कागद रद्दीत जातो. सुताराकडे गेलेली प्रत चुन्यानं आणि चहानं भिजून फाटते. मूळ प्रत कलादिग्दर्शकाच्या घरी येते, आणि मुंबईत घर म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. मुलाचं लग्न ठरलं, की माळा रिकामा करावाच लागतो.

* * *

मुंबईतल्या थोरांमध्ये मला सगळ्यात जवळचे वाटतात ते एम. आर. आचरेकर. मुळात नावाजलेले चित्रकार, मानवी आकृतीच्या रेखाटनावर 'रूपदर्शिनी' हा ग्रंथ लिहिणारे. त्यांनी 'आवारा'चं कलादिग्दर्शन केलं. त्यातलं स्वप्नदृश्य आजही विद्यार्थ्यांना दाखवतात. १९५९च्या 'कागज के फूल'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, आणि त्याच चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी व्ही. के. मूर्तींना. ही दोन पारितोषिकं एका चित्रपटाला एकदम मिळाली, यात आमच्या धंद्याचं मर्म आहे. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पडदा दुप्पट रुंद झाला की रिकाम्या स्टुडिओचं पोकळपण भरून काढायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. वरून येणारा प्रकाशाचा तो जाड झोत मूर्तींचा, पण तो पडायला अंधार लागतो, आणि अंधार नकाशातच ठेवावा लागतो.

'मुघल-ए-आझम'च्या शीशमहालाचीही गोष्ट हीच. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद, जागा मोहन स्टुडिओ, उभारायला दोन वर्षं. आरशांवर दिवा मारला की तो परत कॅमेऱ्यातच घुसायचा. शेवटी छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी थेट उजेड टाळून तो कापडावरून परतवून वापरला. सुंदर सेट बांधला आणि त्यात उजेड कुठून येणार हे ठरवलं नाही, तर तो सेट नुसता देखावा राहतो.

हे मला सगळ्यात स्वच्छ शिकवलं बन्सी चंद्रगुप्त यांच्या कामानं. सियालकोटला जन्मलेला, काश्मीरमध्ये वाढलेला हा चित्रकार कलकत्त्याला गेला आणि 'पथेर पांचाली'पासून सत्यजित राय यांचा कलादिग्दर्शक झाला. 'अपराजितो'मधलं काशीतलं घर पाहिलेल्या कुणालाही ते काशीत चित्रित झालं असंच वाटतं. अंगणाचा तो भाग कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेला आहे. काशीच्या जुन्या घरांत उजेड वरून चौकात उतरतो आणि त्याला सावली पडत नाही. तसा उजेड यावा म्हणून छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणलं आणि दिवे त्यावर परतवले. १९५६ साली. भिंत चंद्रगुप्तांची, उजेड मित्रांचा, आणि दोघांमधला सांधा कुठेही दिसत नाही.

मराठी वाचकांना त्यांचं आणखी एक काम आठवावं. जयवंत दळवींच्या 'चक्र' कादंबरीवरचा रवींद्र धर्मराज यांचा हिंदी चित्रपट, १९८१चा. कलादिग्दर्शन चंद्रगुप्तांचं, त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. मी तेव्हा सहायक होतो, रोज मुंबईच्या झोपडपट्टीवरूनच कामाला जायचो. तो चित्रपट पाहून आल्यावर मला माझाच रस्ता वेगळा दिसू लागला. कुणाची कीव न करता, कुणाला सुंदर न करता ती वस्ती दाखवता येते, हे कळलं. त्याच वर्षी चंद्रगुप्त गेले. मला त्यांना एकदा भेटायचं होतं.

* * *

आता एक गोष्ट, जी मी आजवर लिहिली नव्हती. नव्वदच्या दशकात एका सेटवर आमच्या एका सेटिंगवाल्याचा अपघात झाला. तराफा म्हणजे छताखाली दोरांनी टांगलेली फळ्यांची माची, तिच्यावर दिवे आणि लाइटमन असतात. माझ्या सेटच्या एका उंच भिंतीला त्या तराफ्याचा आधार घ्यावा लागला होता. रात्री भिंत सरकवताना एक फळी निसटली आणि तो वीस फुटांवरून खाली आला. तो वाचला, पण डाव्या पायानं त्याला पुन्हा शिडी चढता आली नाही. निर्मात्यानं थोडे पैसे दिले, युनियननं थोडे, आम्ही वर्गणी काढली. चौकशीत दोष कुणाचाच निघाला नाही.

मी घरी येऊन माझा नकाशा पुन्हा पाहिला. भिंतीवरची वेलबुट्टी इंचाइंचानं काढली होती. मागच्या आधाराबद्दल एक रेषही नव्हती. ते मिस्त्री बघून घेईल असं मी धरून चाललो होतो, कारण मिस्त्री नेहमीच बघून घेत आला होता. पुढच्या सेटपासून माझ्या प्रत्येक भिंतीच्या नकाशाला दुसरं पान जोडलं गेलं. मागची बाजू, टेके कुठे, बल्ल्या किती जाड, वजन कशावर. नकाशा दिग्दर्शकाला खूश करण्यासाठी असतो असं मला तोवर वाटायचं. तो आधी वर चढणाऱ्या माणसासाठी असतो. म्हणून हे कागद जपायला हवेत असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त सुंदर रेखाटनं नसतात. कुठल्या काळात कुणाच्या जिवाची किती काळजी घेतली गेली, याचाही तो पुरावा आहे.

त्या सेटिंगवाल्याकडे मी अजून जातो. गोरेगावात राहतो. मी चित्रपटांची नावं सांगितली की तो मान हलवतो. कुठल्या फ्लोअरवर, कितीचा सेट, जिना डावीकडे की उजवीकडे हे विचारलं की तो डोळे मिटून सांगतो. एका संध्याकाळी त्यानं मला अकरा सेट असे सांगितले आणि मी लिहून घेतले. त्या अकरांपैकी एकाचाही नकाशा आज अस्तित्वात नाही.

* * *

सेट मोडू नयेत, उभे राहावेत असं स्वप्न आपल्यातल्या एका माणसानं पाहिलं आणि ते प्रत्यक्षात आणलं. नितीन चंद्रकांत देसाई. दापोलीचा जन्म, जे. जे.चं शिक्षण. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार चित्रपटांसाठी चार राष्ट्रीय पुरस्कार. 'लगान'साठी कच्छमध्ये भुजजवळ अख्खं गाव उभं केलं. २००५ साली कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. 'जोधा अकबर'चे महाल तिथे, 'राजा शिवछत्रपती' मालिकेतलं राजदरबाराचं वैभव तिथे. 'बालगंधर्व' या चित्रपटाची निर्मिती त्यांनी केली, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा नाटकाचा पडदा पुन्हा रंगवला गेला. कोल्हापूरहून निघालेली वाट जणू फिरून आपल्या उगमाशी आली.

मी कर्जतला दोनदा गेलो. शाळांच्या सहली आल्या होत्या. मुलं भिंतींना हात लावून बघत होती, ठोकून बघत होती, पोकळ आवाज आला की खिदळत होती. आमच्या कामाला एवढे प्रेक्षक पूर्वी कधीच मिळाले नव्हते. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत देसाई यांचा दुर्दैवी अंत झाला. वय सत्तावन्न. ती बातमी आली त्या दिवशी गोरेगावच्या अनेक फ्लोअरवर सेटिंगवाल्यांनी हातोडी खाली ठेवली होती, मी तिथेच होतो.

त्यांच्या स्वप्नाबद्दल मला आदर आहे. तरी माझं मत वेगळं आहे. पीओपी, काथ्या, प्लाय आणि बांबू यांचं आयुष्य आपल्या पावसात दोन-चार वर्षांचं. उघड्यावरचा सेट राखायचा तर दर पावसाळ्यानंतर तो नव्यानं बांधावा लागतो आणि त्याचा खर्च खऱ्या किल्ल्याहून फार कमी नसतो. राखता येण्यासारखा आहे तो कागद. त्याला जागा कमी लागते, पैसे कमी लागतात आणि त्याच्यावरून सेट पुन्हा उभा राहू शकतो.

'प्रॉडक्शन डिझायनर' हे नावच मुळात कागदातून आलं आहे. 'गॉन विथ द विंड'साठी, १९३९ साली, विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांना ते पहिल्यांदा दिलं गेलं, कारण त्यांनी चित्रपटातली दृश्यं आधी कागदावर काढून ठेवली होती. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधली वॉर रूम आणि जेम्स बाँडचे ते प्रचंड सेट करणारे केन ॲडम बर्लिनला जन्मले, ज्यू म्हणून लहानपणी तिथून परागंदा झाले आणि इंग्लंडचे झाले. २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी आपला सगळा संग्रह बर्लिनच्याच चित्रपट संग्रहालयाला दिला. त्यात सुमारे ४,००० रेखाटनं आहेत. आज कुणीही विद्यार्थी ती पाहून शिकू शकतो.

आता आमच्याकडेही नकाशे संगणकावर होतात. माझे तरुण सहकारी पडद्यावर सेट फिरवून दाखवतात, एलईडीच्या भिंतीवर हिमालय आणतात. काम उत्तम आहे. पण हार्ड डिस्क बिघडली की माझ्या जोगेश्वरीच्या खोलीत झालं तेच होतं, फक्त पाणी लागत नाही. त्यांना मी एवढंच सांगतो की प्रत्येक चित्रपटाचे दहा मुख्य नकाशे चांगल्या कागदावर छापून ठेवा.

वाचकांकडे माझं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी कलादिग्दर्शक, त्यांचा सहायक, पडदे रंगवणारा, सेटचा सुतार, मोल्डर होऊन गेला असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडून बघा. गुंडाळ्या सापडल्या तर रद्दीत घालू नका. त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन्ही कागदाला मारतात. घड्या न घालता सपाट ठेवा, ओल नसलेल्या जागी. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं चित्रपटाचं नाव, साल, स्टुडिओ आणि माहीत असतील तेवढ्या कारागिरांची नावं लिहा. फोनवर फोटो काढून ठेवा. आणि पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालापासून, तिथे विचारा. पी. के. नायर यांनी दारोदार फिरून फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे आणि 'कालिया मर्दन'चे उरलेले भाग त्या संग्रहालयासाठी मिळवले होते. जे हाती लागलं ते कुणीतरी घरात ठेवलं होतं म्हणूनच.

माझी एकतीस पानं मी या डिसेंबरात पुण्याला नेऊन देणार आहे. प्रत्येक पानामागे नावं लिहिली आहेत: सुतार, मोल्डर, पेंटर, सहायक. सतराव्या पानावर तेव्हाची पेन्सिलची नोंद आहे, 'सोपा, पूर्व भिंत. टेकायची जागा. पावणेतीन फूट. तेल.' त्या पानामागची एक जागा मी कोरी ठेवली आहे, कारण कोरेगावच्या त्या मावशींचं नाव मी त्या दिवशी विचारून घेतलं नाही. १९८५च्या पावसाळ्यानंतर चित्रनगरीत त्या वाड्याच्या सेटवर काम केलेलं कुणी हे वाचत असेल आणि त्यांचं नाव आठवत असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवावं.